फार्नहॅमच्या खाजणातली लाल शाल

तीनपैकी दोन चित्रांत ती बाई होती. मधल्या चित्रात नव्हती.

कॉरिन पेल्टियर हातातली पेटी खाली न ठेवता दारातच उभी राहिली. एल्डन क्रॉकेटने तिन्ही तैलचित्रं ग्रेंज हॉलच्या, म्हणजे गावच्या जुन्या शेतकरी सभागृहाच्या, उत्तरेकडच्या भिंतीला, खिडक्यांखाली, ओळीने टेकवून ठेवली होती. जुन्या काळातल्या जोथम फार्नहॅम या चित्रकाराची खाजणं. ओसरलेलं पाणी, चिखलात चमकणारे नागमोडी ओहोळ, खुंटांवर रचलेल्या गवताच्या गंजी आणि त्या सगळ्यावर दोन तृतीयांश चित्र व्यापणारं आकाश. डाव्या चित्रात सकाळ होती, उजव्यात संध्याकाळ. दोन्हींत पाण्याच्या कडेला नखाएवढी एक बाई उभी होती, अंगावर लाल शाल घेऊन. मधल्या, दुपारच्या चित्रात तिच्या जागी नुसतं गवत होतं.

"आलीस? कॉफी मागे आहे, पण पिऊ नकोस, कालची आहे," एल्डन शिडीवरून म्हणाला. तो दिव्याची तार छताच्या तुळईला बांधत होता. "काय बघतेस? बघच. माझ्या बापाने चाळीस वर्षं या हॉलमध्ये लिलाव केले, त्याच्या हाताखालून एक फार्नहॅम गेला नाही. माझ्याकडे एकदम तीन."

"कुणाकडून आली?"

"ऑरिन स्टॅपल्स. पलीकडच्या खाडीवर नावा बांधायचा तो. घर विकून लेकीकडे राहायला चाललाय. त्याच्या पणजोबाने फार्नहॅमला सगळा उन्हाळा होडीतून फिरवलं होतं, त्याची ही भेट. दीडशे वर्षं त्याच घरात होती, कॉरिन. फक्त मधलं एकदा साफसफाईला बाहेर गेलं होतं म्हणे."

"हो," कॉरिन म्हणाली.

ते कुठे गेलं होतं, हे तिला सांगायला नको होतं. तिच्याच हातात गेलं होतं.

एल्डन शिडीवरून उतरला आणि टेबलावरचा कॅटलॉग तिच्यापुढे धरला. मुखपृष्ठावर डाव्या चित्राचा एक तुकडा मोठा करून छापला होता: लाल शालीतली ती बाई, पाठमोरी.

"बॉस्टनच्या एका अभ्यासकाने यावर्षीच लिहिलंय. ही फार्नहॅमची बायको. लग्नानंतर दोन वर्षांत गेली ती. खाजणाच्या चित्रांत तो तिला आठवणीने काढायचा. मुखपृष्ठ कसं झालंय?"

"छान आहे."

"छान! तुझ्या तोंडून छान म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून टाळ्या." तो खूश होऊन मागच्या दाराकडे वळला. कुणाचीतरी कपाटं उतरवायची होती. "शनिवारी अकराला लिलाव. उद्या दुपारपासून लोक बघायला येतील. चित्रांच्या स्थितीचे तुझे अहवाल मला उद्या सकाळपर्यंत हवेत."

कॉरिन एकटी उरली. तिने पेटी टेबलावर ठेवली आणि ती न उघडता खुर्चीवर बसली.

छत्तीस वर्षांपूर्वी ती पंचवीस वर्षांची होती. रसायनशास्त्राची पदवी घेऊन हॉलिस बर्ड नावाच्या म्हाताऱ्याच्या कार्यशाळेत जुन्या चित्रांची डागडुजी शिकत होती. त्या जुलैत मिसेस स्टॅपल्सनी एक चित्र आणून दिलं. जेवणाच्या टेबलासमोर टांगलेलं असल्यामुळे धुराने आणि वाफेने ते पिवळं पडलं होतं. हॉलिसने द्रावक तयार करून दिलं, आकाशाचा एक कोपरा स्वतः साफ करून दाखवला, आणि "बाकीचं हळूहळू कर" असं सांगून तो तीन दिवस मासे पकडायला गेला.

तिने हळूहळूच केलं. कापसाचा बोळा काडीला गुंडाळायचा, द्रावकात बुडवायचा, निथळायचा, नाण्याएवढ्या जागेवर गोल फिरवायचा आणि फेकून द्यायचा. बोळा पिवळा येतोय तोवर व्हार्निश जातंय. दुसरा रंग दिसला की थांबायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाण्याच्या कडेपाशी पोचली, तेव्हा बोळा लाल आला. ती थांबली. पण लाल इतक्या सहज आला होता की तिला वाटलं, हा मूळ रंग असूच शकत नाही. शंभर वर्षं वाळलेला तेलरंग एवढ्या सौम्य द्रावकाला दाद देत नाही, असं तिने पुस्तकात वाचलं होतं. हा मागून कुणीतरी व्हार्निशवर फासलेला असणार. तिने दुसरा बोळा घेतला, मग तिसरा. सातव्या बोळ्यानंतर तिथे गवत होतं.

बाई पूर्ण गेली, आणि कॉरिनने हातातला बोळा खाली ठेवला. विचारायला हवं होतं. तीन दिवस थांबायला काय झालं होतं?

हॉलिस परत आला, भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, "मागाहूनचं काम असणार. गेलं ते बरं झालं." त्याला माशांची घाई होती. फ्रीजमध्ये जागा करायची होती. चित्र परत गेलं. आठवड्याने मिसेस स्टॅपल्सनी एक अख्खी ब्लूबेरी पाई पाठवली. हॉलिसने तिला मोठा तुकडा कापून दिला. तो तिच्या घशाखाली उतरला नाही. त्या बाईंना अजून कळलं नसेल, असं तिला वाटत राहिलं. कळल्यावर त्या काय म्हणतील?

पुढे दोन वर्षांनी तिने एक लेख वाचला. फार्नहॅमच्या पिढीतले काही चित्रकार रंगाला चकाकी यावी म्हणून त्यात राळ मिसळायचे, आणि राळेचा रंग शंभर वर्षांनीही कच्चाच राहतो. सौम्य द्रावकातसुद्धा विरघळतो. अशा चित्रकारांच्या यादीत जोथम फार्नहॅमचं नाव होतं.

म्हणजे तिचा पुरावा हा पुरावाच नव्हता.

त्यानंतर तिने शेकडो चित्रं हाताळली. लोक तिला बोलावत, कारण ती सावकाश काम करायची आणि आधी विचारायची. ती अशी का आहे, हे कुणाला माहीत नव्हतं. हॉलिस वारल्यावर तर जगात कुणालाच माहीत नव्हतं.

आता मधलं चित्र परत समोर होतं, आणि त्याच्या दोन्ही अंगांना त्याच घरातली दोन चित्रं होती. त्या चित्रांत ती बाई होती. एखाद्या कुटुंबाच्या फोटोतून एकीला कापून काढावं आणि कापणाऱ्याला तो फोटो दाखवावा, तसं झालं होतं.

तिने पेटी उघडली. सूक्ष्मदर्शकाचा हात टेबलाला घट्ट बसवला, दिवा लावला, आणि मधलं चित्र उचलून आडवं ठेवलं. जे सगळ्यात नकोसं वाटतं त्यापासून सुरुवात करायची, ही तिची सवय होती. उजव्या कडेपासून चार इंच. जागा शोधावी लागली नाही.

भिंगाखाली गवताचं गवत राहिलं नाही. हिरव्या-तपकिरी रंगाची ढेकळं झाली आणि त्यांच्यामधून तडे गेलेले दिसले, उन्हाळ्यात तळं आटल्यावर तळाला पडतात तसे. जुन्या तैलचित्रात तडे असतातच. रंग वाळतो, कापड थंडीत आखडतं आणि उन्हाळ्यात सैल पडतं, असं साठ-सत्तर वर्षं चाललं की रंग फाटतो. तिने एक तडा धरला आणि त्याच्यामागून सावकाश सरकत गेली. तड्याच्या तळाशी करडी धूळ. पुढे करडी धूळ. पुढे लाल.

तिने भिंगावरून डोळा बाजूला घेतला, पुसला आणि परत लावला. लालच होता. केसाएवढी रेष, तड्याच्या तळाशी बसलेली. शेजारच्या तड्यातही. त्याच्या पुढच्यातही.

ती ताठ बसली. याचा अर्थ अगदी सोपा होता. रंग आधी आणि तडा नंतर असेल, तर तडा रंगालाही फोडतो, आणि त्याच्या तळाशी धूळ नाहीतर खालचं पांढरं अस्तर दिसतं. तडा आधीचा आणि रंग नंतरचा असेल, तरच रंग तड्यात उतरतो. लाल तड्यात होता. म्हणजे तडे पडल्यावर, फार्नहॅम मरून कित्येक वर्षं झाल्यावर, कुणीतरी तो लावला होता.

पूर्ण एक मिनिट तिला इतकं हलकं वाटलं की तिने खिडकी उघडली.

आणि मग खिडकीपाशीच तिला दुसरी शक्यता सुचली. ती शिकलेलीच तशी होती. तो लाल तड्यात कुणी घातला? तिने स्वतः. सात बोळ्यांनी. द्रावकात विरघळलेला रंग वाट मिळेल तिकडे जातो. वरचा लाल तिने विरघळवला आणि त्यातला थोडा तड्यांत ओतला, असंही झालं असेल. मधल्या चित्राची साक्ष चालणार नव्हती. साक्षीदाराला तिनेच पढवलं होतं.

उरली दोन चित्रं. त्यांना कधी कुणी हात लावला नव्हता.

डावं चित्र तिने उचललं. तिने ते टेबलावर ठेवलं आणि आधी जाऊन हात धुतले. धुवायची गरज नव्हती. मग भिंगाखाली शाल आणली.

शालीच्या जागेवरून नऊ तडे जात होते. तिने मोजले. गवतात नऊच्या नऊ स्पष्ट, काळे, कोरलेले होते. शालीच्या कडेला आले की ते बुजायचे. लाल रंग त्यांच्यावरून सलग गेला होता, फक्त प्रत्येक तड्यापाशी जरासा खाली दबलेला, लाकडी जमिनीच्या फटींत सांडलेलं दूध उतरतं तसा. शालीच्या पलीकडच्या कडेला नऊ तडे पुन्हा वर आले होते, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. आणि शालीच्या कडेचा एक टवका उडाला होता, तिथे लालाखाली गवत नव्हतं. लालाखाली तपकिरी पडलेलं व्हार्निश होतं आणि व्हार्निशखाली गवत.

उजव्या चित्रात सात तडे होते. सातही बुजलेले.

कॉरिनने दिवा बंद केला. हॉल मोठा आणि रिकामा होता, बाहेर एल्डन कुणाला तरी "पाय धर, पाय, कपाटाचा पाय!" असं ओरडत होता. छत्तीस वर्षं. तिने जे पुसलं होतं ती फार्नहॅमची बायको नव्हती. कोण होती ते माहीत नव्हतं, पण ती फार्नहॅमने काढलेली नव्हती.

"कुणी आहे का इथे?" दारातून आवाज आला.

काठी टेकत एक उंच, वाकलेला म्हातारा आत आला. डोक्यावर बोटबांधणीच्या कारखान्याची विटलेली टोपी, हातात कागदी पिशवी. "एल्डन म्हणाला चित्रवाली बाई आत आहे. मी ऑरिन स्टॅपल्स. उद्या गर्दी व्हायच्या आत एकदा बघून घ्यावी म्हटलं. दुपारचं खाणं घेऊन आलोय. हॅडॉक माशाची सँडविचं. दोन आहेत. माझी लेक म्हणते मी एकच खायचं, म्हणून दुसरं खाणारं कुणी तरी लागतं."

"बसा, मिस्टर स्टॅपल्स."

"ऑरिन. मिस्टर स्टॅपल्स माझे वडील होते आणि तेसुद्धा कुणाला तसं म्हणू द्यायचे नाहीत."

तो घडीच्या खुर्चीवर बसला. कॉरिन उभीच राहिली. आत्ता बोलली नाही तर आणखी छत्तीस वर्षं लागतील, आणि तेवढी तिच्याकडे नव्हती.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," ती म्हणाली. "एकोणनव्वद साली तुमच्या आईंनी मधलं चित्र साफ करायला दिलं होतं. हॉलिस बर्डकडे. ते मी साफ केलं. त्यातही या दोन्हींसारखी एक बाई होती. ती मी पुसली. कुणाला न विचारता."

ऑरिनने पिशवी मांडीवर ठेवली.  त्याने मान खाली घातली आणि त्याचे खांदे हलायला लागले.

"मला माफ करा," कॉरिन म्हणाली. "मला आज कळलंय की ती मूळ चित्रातली नव्हती, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं, आणि..."

त्याने मान वर केली. तो हसत होता. डोळ्यांत पाणी येईतो हसत होता.

"तू? ती तू होतीस? अगं मुली, माझ्या आईला तुला भेटायचं होतं!"

साठी उलटलेल्या कॉरिनला मुली म्हणणारं आता कुणी राहिलं नव्हतं. ती खुर्चीवर बसली.

"ती माझी आजी, वडिलांची आई. ड्रूसिला," ऑरिन म्हणाला आणि रुमाल काढून डोळे पुसले. "सेहेचाळीसच्या हिवाळ्यात बर्फावर घसरून पाय मोडला तिचा. तीन महिने खुर्चीत. घरभर फिरून सगळ्यांवर नजर ठेवायची सवय, आणि आता खुर्चीतून उठता येईना. मग तिने तिन्ही चित्रं एकेक करून खाली आणवली, रंगांची पेटी मागवली, आणि प्रत्येकात स्वतःला काढलं. तिची शाल लालच होती. माझ्या आईला म्हणाली, 'विनी, आता मी वर असले, खाली असले, नसले तरी माझं लक्ष आहे.'"

"आणि जेवणघरात..."

"जेवणघरातलं नेमकं आईच्या खुर्चीसमोर! त्यानंतर पंचवीस वर्षं ती आजीबरोबर जेवली. आजी गेल्यावर अठरा वर्षं तिच्या चित्राबरोबर. 'बटाटे कमी शिजलेत' असं ते चित्र म्हणतं, असं आई म्हणायची. वडील हयात होते तोवर चित्राला हात लावायची सोय नव्हती. ते गेले, आणि आईने चित्र उचललं. पुसून टाका असं तोंडाने कसं सांगणार? लोक काय म्हणतील? म्हणून म्हणाली, नीट साफ करा. चांगलं, नीट." तो पुन्हा हसला. "चित्र परत आलं तेव्हा ती त्याच्यासमोर बसून पहिल्यांदा दोनदा वाढून घेऊन जेवली. मग उठून पाई केली. हॉलिसला पोचली ना ती?"

"पोचली," कॉरिन म्हणाली.  "मला मोठा तुकडा मिळाला होता."

"आवडली?"

"खाता आली नाही."

ऑरिनने पिशवीतून एक सँडविच काढून तिच्या हातात दिलं. दोघांनी सँडविचं खाल्ली.

"तुम्ही हे एल्डनला का नाही सांगितलं?" तिने विचारलं. "कॅटलॉगवर तिला फार्नहॅमची बायको म्हटलंय."

ऑरिनचं हसू ओसरलं. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बॉस्टनहून तो माणूस आला होता घरी. शिकलेला, सभ्य. म्हणाला ही चित्रकाराची पत्नी. मी म्हटलं, माझी आजी आहे ती. तर लेक हळूच त्याला म्हणाली, बाबांचं हल्ली जरा असं होतं. गेल्या वर्षी डॉक्टरने माझी स्मरणशक्ती तपासायला मला घड्याळ काढायला सांगितलं, माहीत आहे? कागदावर. काटे चुकले. तेव्हापासून मी जे काही आठवून सांगतो ते सगळे मान हलवून ऐकतात." तो थांबला. "मी पाच वर्षांचा होतो. स्वयंपाकघरात टर्पेंटाइनचा वास, आजीचा पाय स्टुलावर. पाहिलं होतं मी. पण वर्षभर सगळे मान हलवत राहिले, तेव्हा मलाही वाटायला लागलं, पाहिलं की स्वप्न पडलं? म्हटलं, शिकलेल्या माणसाला जास्त कळत असेल. गप्प बसलो."

कॉरिनने हात पुसले. डावं चित्र भिंगाखाली नीट सरकवलं, दिवा लावला आणि खुर्ची बाजूला ओढली. "इकडे या. इथे डोळा लावा. नाही, चष्मा काढून."

त्याने डोळा लावला. ती शेजारी उभी राहून सांगत गेली. "काळ्या रेषा दिसतात? ते तडे. फार्नहॅमचा रंग वाळून ते पडले. किती तरी वर्षांनी. आता लालकडे जा. तडे कुठे गेले?"

"बुजलेत. रंग भरलाय त्यांत." नावा बांधून आयुष्य काढलेल्या माणसाला सांधा आणि भरण वेगळं शिकवावं लागत नाही. "हा नंतर लावलाय. लाकूड फाटल्यावर."

"तडे पडल्यावर. हो. तुम्ही जे पाहिलं ते खरं पाहिलं."

तो बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसला. उठला तेव्हा तिच्याकडे न बघता म्हणाला, "लेकीला दाखवता येईल हे?"

"मी फोटो काढून देते. मोठा."

"मोठाच दे. फ्रीजवर लावीन."

एल्डन आत आला तेव्हा त्याच्या शर्टाला कपाटाची धूळ लागली होती. कॉरिनने त्याला चार वाक्यांत सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता टेबलाच्या कडेवर बसला.

"मुखपृष्ठावर," तो हळूच म्हणाला, "ड्रूसिला स्टॅपल्स आहे."

"हो."

"बाराशे प्रती."

"आजीला आवडलं असतं," ऑरिन म्हणाला.

"ऑरिन, तू गप्प बस. तुझीच चित्रं आहेत, तुझंच नुकसान आहे आणि तू दात काढतोयस." एल्डनने चेहऱ्यावरून हात फिरवला आणि मग त्यालाही हसू आवरलं नाही. "बापाचा नियम आहे. कॅटलॉग छापल्यावर जे कळलं ते बोली लागायच्या आधी हॉलमध्ये मोठ्याने सांगायचं. आणि ज्याला कळलं त्याने सांगायचं, लिलाव करणाऱ्याने नाही. तू सांगशील."

"मी? मी लिहून देते. तू वाच."

"बापाचे वीस नियम होते. त्यातला मी हा एकच पाळतो. तोही मोडायला लावू नकोस."

शनिवारी हॉल भरला होता. घडीच्या खुर्च्या संपून लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसले होते, मागच्या टेबलावर चर्चच्या बायकांनी मासळीचं सूप आणि पाई मांडल्या होत्या. आता पाळी फार्नहॅमच्या तिन्ही चित्रांची होती, लॉट एकेचाळीस ते त्रेचाळीस. एल्डनने हातोडी खाली ठेवली आणि कॉरिनला बोलावलं.

ती समोर आली.  तिने कागद आणला होता, पण तो तिला दिसेना, म्हणून तिने तो खिशात घातला.

"पहिल्या आणि तिसऱ्या चित्रातली लाल शालीतली बाई जोथम फार्नहॅमने काढलेली नाही," ती म्हणाली. "ती चित्राला तडे गेल्यानंतर, व्हार्निशवर काढली आहे. कुटुंबाच्या आठवणीनुसार ती एकोणीसशे सेहेचाळीसमध्ये ड्रूसिला स्टॅपल्स यांनी स्वतःची आकृती म्हणून काढली, आणि मी जे पाहिलं ते त्या आठवणीशी जुळतं." ती थांबली. इथे थांबता आलं असतं. "मधल्या चित्रातही ती होती. छत्तीस वर्षांपूर्वी ती मी पुसली. तेव्हा मी खात्री करून घेतली नव्हती. आता केली आहे."

 मग मागून एक बाई म्हणाली, "स्वतःला का काढलं तिने?"

कॉरिनने ऑरिनकडे पाहिलं. तो पहिल्या रांगेत, लेकीशेजारी बसला होता. लेकीच्या हातात कॉरिनने दिलेला फोटो होता आणि ती तो निरखून पाहत होती.

"सुनेवर नजर ठेवायला!" ऑरिन मोठ्याने म्हणाला.

हॉल हसला. सगळ्यात जास्त मागच्या टेबलावरच्या बायका हसल्या.

मधल्या चित्राची बोली सगळ्यात वर गेली. बाकीची दोन्ही चित्रं एल्डनच्या अंदाजाहून थोड्या कमी भावाने, पण एकाच हातात गेली. ती घेणारी बँगर शहरातली एक निवृत्त शाळामास्तरीण होती. लिलाव संपल्यावर ती कॉरिनपाशी आली.

"या आजीबाई पुसून टाकता येतील का?"

"येतील," कॉरिन म्हणाली. "पण आधी फोटो काढू, मोजमाप घेऊ, आणि वर्षभर त्यांच्यासमोर बसून जेवून बघा. मग मला फोन करा."

"आणि राहू द्याव्याशा वाटल्या तर?"

"तर फोन करू नका."

कॉरिन मागच्या टेबलाकडे वळली, तर ऑरिन तिथे आधीच काठीला रेलून उभा होता. त्याच्या हातात कागदी बशी होती आणि बशीत ब्लूबेरी पाईचा तुकडा. तुकडा मोठा होता. कडेने जांभळा रस ओघळत होता.

"आईची नाही ही," तो म्हणाला. "तिच्यासारखी कुणाला जमत नाही. पण यावेळी खा."

कॉरिनने प्लास्टिकच्या काट्याने एक घास तोडला. ब्लूबेरी आंबट होत्या, वरची पापडी जरा जास्त भाजली होती. तिने उभ्याउभ्याच तो तुकडा संपवला, बशी पुसून घेतली आणि टेबलामागच्या बाईला विचारलं, अजून आहे का म्हणून.